शिशाचे शिपाई आणि पिठाचा कोंबडा

लढाईचा सिनेमा लागला की घरातले पुरुष आणि मुलं टीव्हीपुढं ठाण मांडतात. आपण भाजी निवडता निवडता अर्ध्या नजरेनं बघतो. पण या अर्ध्या नजरेला कधी कधी पुऱ्या नजरेपेक्षा जास्त दिसतं. तोफा, घोडे, धूर यांच्यामागं कोनाड्यात काय ठेवलंय, टेबलावर काय मांडलंय, पोराच्या हातात काय आहे, ते आपल्याला दिसतं. आणि लढाईच्या सिनेमात पोराच्या हातात पुष्कळदा एक खेळण्यातला शिपाई असतो. तो तिथं उगीच नसतो.

२००० साली आलेला 'द पॅट्रियट' घ्या. गोष्ट अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची. मेल गिब्सननं केलेला नायक सात मुलांचा बाप, बायको वारलेली. लढाई काय असते ते त्यानं तरुणपणी पाहिलेलं आहे, स्वतःच्या हातानं केलेलंही आहे, म्हणून सभेत तो युद्धाच्या बाजूनं मत द्यायला तयार होत नाही. पुढं इंग्रजांचा एक सेनाधिकारी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलाला, थॉमसला, गोळी घालतो. थॉमसचे शिशाचे शिपाई मागं राहतात. बाप ते जवळ ठेवतो आणि रात्री विस्तवापाशी बसून एकेक शिपाई वितळवतो, साच्यात ओततो, त्याची बंदुकीची गोळी करतो. सगळ्या सिनेमातल्या कापाकापीपेक्षा हे एक दृश्य माझ्या मनात जास्त राहिलं. मेलेल्या लेकराचं खेळणं, त्याच्याच नावानं कुणाच्या तरी छातीत जाणार.

ही नुसती लेखकाची कल्पना नाही, त्यात धातूचं खरं शास्त्र आहे. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याला लोहाराचा भाता लागत नाही, घरच्या चुलीवर पळीत ते पातळ होतं. म्हणून खेळणी करणाऱ्यालाही शिसं सोयीचं आणि गोळ्या करणाऱ्यालाही तेच सोयीचं. आणि चूल आली तिथं बायका आल्याच. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जमावानं राजा तिसरा जॉर्ज याचा सोनेरी मुलाम्याचा शिशाचा घोडेस्वार पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी नेले. तिथं घरच्या लेकीबाळींनी आणि शेजारणींनी बसून त्यांच्या गोळ्या ओतल्या. कुणी किती केल्या याची नोंद राहिली आहे; सगळ्या मिळून ४२,०८८. आपण पापड लाटायला बसतो तशा त्या बसल्या असतील, असं माझ्या मनात येतं आणि अंगावर काटा येतो. युद्ध फक्त रणांगणावर होतं, असं आपल्याला शाळेत शिकवतात. ते स्वयंपाकघरातही होतं.

आता या शिपायांचा इतिहास थोडा बघू. अठराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरात कथलाचे चपटे शिपाई होऊ लागले. हिल्पर्ट नावाच्या कारागिरानं प्रशियाचा राजा फ्रेडरिक आणि त्याचं सैन्य ओतलं, ते लोकांना आवडलं. मग फ्रान्समध्ये भरीव, गोल बांध्याचे शिपाई आले. पण ते महाग, श्रीमंतांच्या मुलांनाच परवडणारे. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानं एक युक्ती काढली. साच्यात शिशाचा रस ओतायचा, भिंतीला लागून पातळ थर धरला की उरलेला रस परत ओतून घ्यायचा. आतून पोकळ शिपाई तयार. शिसं कमी, वजन कमी, किंमत कमी. मग मध्यम घरातल्या मुलांकडंही लाल डगल्यांच्या पलटणी आल्या. त्यांचे डगले, मिशा, बटणं रंगवायला कारखान्यात बायका बसत. जुन्या इंग्लंडवरच्या मालिकेत मुलाच्या खोलीत कपाटावर असे बोटाएवढे शिपाई दिसले तर पहिल्यांदा काळ बघावा. गोष्ट १८६० ची असेल आणि शिपाई पोकळ ब्रिटनचा असेल, तर सेट लावणाऱ्याची चूक झाली असं खुशाल समजावं!

शिपाई मुलाला काय शिकवतात, ते 'यंग विन्स्टन' या १९७२ च्या सिनेमात दिसतं. चर्चिलकडं लहानपणी जवळजवळ दीड हजार शिपाई होते. वडिलांनी एकदा येऊन ती मांडणी वीस मिनिटं न्याहाळली आणि सैन्यात जाशील का म्हणून विचारलं. पोरगं हो म्हणालं, आयुष्याची दिशा ठरली. चर्चिलनं आत्मचरित्रात आणखी एक गोष्ट सहज लिहून टाकली आहे. धाकटा भाऊ जॅक शत्रुपक्षाचा सेनापती. पण त्याच्याकडं फक्त काळ्यासावळ्या वर्णाचे शिपाई असायचे आणि त्यांना तोफा ठेवायची मनाई. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच कुणी जिंकायचं ते ठरलेलं, आणि हरणाऱ्याचा रंगही ठरलेला. हाच मुलगा १८९६ साली लष्करी अधिकारी होऊन बेंगळूरला आला. आपल्या देशाविषयी त्यानं पुढं आयुष्यभर जी मतं बाळगली, त्यांची पहिली उजळणी जमिनीवरच्या त्या खेळात झाली होती, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

पण शिपाई तेच असले तरी हात बदलला की गोष्ट बदलते. याचं उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडतं. जून १८२६ मध्ये इंग्लंडात हॉवर्थ गावचे धर्मगुरू पॅट्रिक ब्राँटे यांनी लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी आणली. मुलगा ब्रॅनवेल नऊ वर्षांचा व्हायचा होता. त्याच्या तीन बहिणी, दहा वर्षांची शार्लट, सात वर्षांची एमिली आणि सहा वर्षांची ॲन, धावत आल्या आणि प्रत्येकीनं एकेक शिपाई उचलला. खेळणं भावासाठी आणलेलं, पण त्यांनी ते आपलंसं केलं. त्या शिपायांसाठी त्यांनी देश रचले, राजधान्या रचल्या, भांडणं आणि प्रेमं रचली. शिपायांना वाचता येतील अशी काड्यापेटीएवढी पुस्तकं मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत लिहिली. त्याच तिघींनी पुढं 'जेन एअर', 'वुदरिंग हाइट्स' आणि 'ॲग्नेस ग्रे' लिहिल्या. बीबीसीच्या 'टू वॉक इनव्हिजिबल' या २०१६ च्या चित्रपटात सुरुवातीलाच ही मुलं आणि त्यांचे शिपाई भेटतात. पाहाल तेव्हा तो भाग चुकवू नका.

यात आपला एक धागा आहे. शार्लटनं आपल्या लाकडी शिपायाचं नाव 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' ठेवलं. हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासातला आर्थर वेलस्ली. ऑगस्ट १८०३ मध्ये त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. जिंकणाऱ्या बाजूचेच दीड हजारांवर लोक त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. आपल्याकडच्या किती घरांत त्या रात्री चूल पेटली नसेल! त्या चिखलातून उठलेलं नाव तेवीस वर्षांनी एका दहा वर्षांच्या मुलीच्या मुठीत लाकडी बाहुला होऊन आलं. तिला असई ठाऊक असेल-नसेल. पण तिनं त्या सेनापतीला गोष्टीत घातलं, माणूस केलं. तलवारीनं मिळवलेलं नाव तिनं लेखणीकडं वळवलं.

लढाया संपल्या तसं शिसंही गेलं. शिसं पोटात गेलं की मुलांना विष होतं हे कळल्यावर ब्रिटनच्या कारखान्यानं १९६६ साली शिशाचे शिपाई बंद केले. त्याआधीच अमेरिकेत प्लॅस्टिकचे हिरवे शिपाई आले होते. 'टॉय स्टोरी' या १९९५ च्या सिनेमात तेच बादलीतून उतरून जिन्यावरून वाढदिवसाची टेहळणी करायला जातात. पायाखालची पट्टी पायाला चिकटलेलीच, म्हणून उड्या मारत. ती चाल कळावी म्हणून सिनेमा करणाऱ्यांनी स्वतःचे बूट फळीला खिळ्यांनी ठोकून चालून पाहिलं होतं. सिनेमात मुलाची आई दारातल्या एका शिपायावर पाय देते आणि 'आवरून ठेव म्हटलं होतं ना' असं पुटपुटते. जगातली सगळी सैन्यं शेवटी आईलाच आवरावी लागतात! या बादलीत एकही बाई नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सहा वर्षांच्या एका मुलीनं खेळण्यांच्या कंपन्यांना पत्र लिहून विचारलं, मुली शिपाई का नाहीत? एका कंपनीनं २०२० मध्ये तसे शिपाई केले. बरोबरीची मागणी म्हणून मला ते पटतं. पण बरोबरी बंदूक धरण्यातही हवी का, हा प्रश्न मनातून जात नाही.

आपल्या धर्मात याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ ची. त्यानंतर पाचच वर्षांनी, १२०९ मध्ये, कन्नड कवी जन्न यानं 'यशोधर चरिते' लिहिलं. गोष्ट आपण बसदीत ऐकलेली आहे. यशोधर राजाला आई चंद्रमती देवीपुढं बळी द्यायला सांगते. तो जिवाला हात लावायला नको म्हणतो. मग तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करतात. राजा तलवार चालवतो आणि तो पिठाचा कोंबडा आरवतो. त्या एका घावापायी मायलेकरं मोर, कुत्रा असे जन्म घेत फिरत राहतात. जीव नव्हता, रक्त नव्हतं, पण मारण्याचा संकल्प होता. गृहस्थाकडून आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा पुरती सुटत नाही, पण संकल्पी हिंसा सुटलीच पाहिजे, असं आपल्याला शिकवलं जातं. 'द पॅट्रियट'मधला बाप घर वाचवायला उठतो तोवर ती विरोधी हिंसा म्हणता येईल. पण रात्री शांतपणे बसून लेकराचं खेळणं साच्यात ओततो, तेव्हा पिठाचा कोंबडा आरवलेला असतो.

म्हणून मुलांच्या हातातले शिपाई काढून घ्यावेत असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो. पहाटे निर्वाण लाडू चढवून आलेली पोरं घरी येताच मावळे मांडायला बसतात. भगवान महावीरांचा निर्वाणदिन आणि अंगणात तोफा, असं दोन्ही एकाच सकाळी. पण त्या किल्ल्याकडं नीट बघा. त्यावर नुसते शिपाई नसतात. पायथ्याला गवळण असते, बाजार असतो, शेतकरी असतो, गुहेत वाघ असतो आणि उतारावर आळीव उगवलेलं असतं. मावळे ज्यांच्यासाठी उभे आहेत ती माणसंही मांडलेली असतात. दीड हजार शिपायांच्या फौजेत हेच नव्हतं. तिथं राखायला कुणीच नव्हतं, फक्त हरवायला शत्रू होता.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पडद्यावर एखादा बोटाएवढा शिपाई दिसला की भाजी क्षणभर बाजूला ठेवा. तो कशाचा आहे, कुठल्या काळातला आहे, हे बघा. त्याच्यापासून पुढं गोळी होते की गोष्ट होते, तेही बघा. आणि शेजारी बसलेल्या नातवाला विचारा, "बाळा, तुझा हा शिपाई कुणाला राखतोय?" त्याला उत्तर सुचेना तर किल्ल्याच्या पायथ्याला एक गवळण ठेवायला त्याला मदत करा.