इंजिन-बदल (जुन्या मोटारगाडीतील)

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन काढून तिथे दुसऱ्या, बहुधा नंतरच्या काळातल्या गाडीचे इंजिन बसवणे. त्या इंजिनाचा गिअरबॉक्सही सोबत घेतला तर अर्धी डोकेदुखी वाचते, म्हणून व्यवहारात दोन्ही जोडीनेच बदलतात. गॅरेजच्या बोलीत याला 'दुसरं इंजिन बसवणं' किंवा 'कन्व्हर्ट करणं' म्हणतात. ब्लॉक बोअर करून नवे पिस्टन-रिंगा टाकणे, म्हणजे 'इंजिनकाम', हा प्रकार निराळा. त्यात ब्लॉक तोच राहतो, त्यावर कोरलेला क्रमांकही तोच राहतो. पुढे जे कायदेशीर गुंते येतात ते सगळे या एका फरकातून येतात.

उदाहरणादाखल शहागड घेऊ. हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले गोदावरीकाठचे गाव. धुळे–सोलापूर महामार्ग (जुना क्रमांक 211, आता 52) इथल्या पुलावरून नदी ओलांडून बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात उतरतो. त्यामुळे या रस्त्यावर एम.एच. 20 (छत्रपती संभाजीनगर), एम.एच. 21 (जालना) आणि एम.एच. 23 (बीड) अशा तिन्ही पाट्यांच्या गाड्या सारख्याच दिसतात. आजूबाजूला जायकवाडीच्या पाण्यावरचा ऊस आणि अंकुशनगरचा साखर कारखाना. अशा मुलखात जीप ही हौसेची वस्तू नसते. बाजाराच्या दिवशी माणसे, एरवी खताची पोती आणि रात्री-अपरात्री दवाखान्याची फेरी, सगळे तीच करते. चेसिस धडधाकट आहे आणि इंजिन संपले आहे, म्हणून गाडी मोडीत काढणे इथल्या मालकाला पटत नाही. मराठवाड्यातला इंजिन-बदल समजून घ्यायचा तर सुरुवात जीपपासूनच करावी लागते.

महिंद्रची जीप मूळची विलिस कंपनीची. 1945 मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेल्या आणि 1948 मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झालेल्या कंपनीने 1947 पासून ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या सीजे-3बी या नमुन्यात 'हरिकेन' हे 2199 घनसेंमी.चे चार नळ्यांचे पेट्रोल इंजिन आणि तीन गिअरांचा टी-90 गिअरबॉक्स असे. इंजिन दणकट, पण पेट्रोल पिण्यात राक्षस. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त मिळत असल्याने पेट्रोल जीपचा मालक दर फेरीला तोट्याचा हिशेब करी, आणि तो हिशेब कधी ना कधी मिस्त्रीच्या दारात येऊन थांबे.

कंपनीनेही तोच मार्ग धरला होता, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. आधी तिने आपल्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातले 2350 घनसेंमी.चे डिझेल इंजिन जीपमध्ये घातले. मग 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून एक्सडीपी 4.90 हे 2112 घनसेंमी.चे इंजिन बनवण्याचा परवाना घेतला, आणि 1985 च्या एमएम-540 मध्ये ते बसले. सांगाडा युद्धकाळातल्या अमेरिकेचा, इंजिन फ्रेंच. गावातल्या मिस्त्रीने केले की त्याला जुगाड म्हणतात, कारखान्याने केले की नवे मॉडेल.

मोटारींतही हेच झाले. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1985 मध्ये 118 एनई आणली. तिची काया फियाट 124 ची आणि इंजिन निस्सानचे 1171 घनसेंमी.चे. नावातला 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन. पद्मिनीलाही पुढे इटालियन बनावटीचे छोटे डिझेल इंजिन देऊन 137-डी असे नाव मिळाले. तिकडे हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसात सुरुवातीला अँबॅसडरचेच 1489 घनसेंमी.चे इंजिन होते, आणि एवढे धूड ओढताना ते रडकुंडीला येई. इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन व पाच गिअरांचा बॉक्स मिळाल्यावर ती गाडी माणसात आली. नंतर हीच जोडी अँबॅसडरच्या 1800 आयएसझेडमध्ये गेली. जुन्या गाडीला नवे इंजिन व नवा गिअरबॉक्स याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण हेच. शरीर पन्नासच्या दशकातले, आणि चाल मात्र एकदम तरुण. आजही कोणी अँबॅसडर बदलायला काढली, तर इसुझूची जोडी मिळते का हे जाणता मिस्त्री आधी पाहतो, कारण ती त्या चेसिसमध्ये बसते हे कारखान्याने आधीच सिद्ध करून ठेवले आहे.

इंजिन निवडताना अश्वशक्तीचा आकडा सर्वांत शेवटी बघायचा असतो. आधी लांबी आणि सम्प बघायचा, म्हणजे तेलाचे भांडे पुढे आहे की मागे. जीपला पुढचा अ‍ॅक्सल असतो. सम्प पुढच्या बाजूला खोल असला, तर रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात पाटे दबतात आणि अ‍ॅक्सलची नळी सम्पवर आदळते. मग वजन. डिझेलचा ब्लॉक पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे नाक खाली बसते. पाट्यांत एक पान वाढवावे लागते आणि स्टिअरिंग जड होते. रेडिएटर जुनाच ठेवला तर गाडी उन्हाळ्यात उकळणारच. मराठवाड्याच्या मे महिन्यात याची परीक्षा पहिल्या दिवशीच होते.

प्रत्यक्ष काम असे चालते. तिपाईला चेनकप्पी लावून जुने इंजिन गिअरबॉक्ससकट वर उचलतात. नवी जोडी तशीच टांगून हळूहळू चेसिसमध्ये सोडतात. या वेळी एक जण खाली आडवा पडलेला असतो, हातात स्टीलची पट्टी आणि खडू. फॅन ते रेडिएटर किती, सम्प ते अ‍ॅक्सल किती, गिअरचा दांडा फ्लोअरमधून कुठे वर येतो, स्टिअरिंगचा रॉड कुठे घासतो, हे सगळे तो खडूने चेसिसवरच लिहीत जातो. इंजिन ज्या रबरी पायांवर बसते त्यांना 'फाउंडेशन' म्हणतात. जुनी फाउंडेशन कापून नव्या जागी ब्रॅकेट धरायची आणि वेल्डिंगचे फक्त टाके मारायचे. मग बॉनेट लावून बघायचे, चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायची, आणि सगळे मोकळे आहे अशी खात्री झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग. टाक्यांऐवजी थेट वेल्डिंग मारणारा मिस्त्री दिसला, तर गाडी दुसरीकडे न्यावी.

खरी कसोटी जोडाची. इंजिन एका कंपनीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा ठेवायचा असेल, तर दोहोंमध्ये लेथवर कातलेली जाड प्लेट घालावी लागते. क्लचप्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळवावे लागतात आणि क्रँकच्या टोकाला शाफ्टसाठी पायलट बेअरिंग बसवावे लागते. या प्लेटचे भोक क्रँकच्या अगदी मध्यात यावे लागते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची चूकही पुढे महाग पडते. गाडी त्या दिवशी सुरू होते, मालक पेढे वाटतो, आणि काही महिन्यांत गिअर तिसऱ्यावरून उडू लागतो किंवा क्लचप्लेटचा मधला बुश तुटतो. इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घेण्याचा सल्ला देतात तो यासाठी. महिंद्रच्या जुन्या जीपमध्ये बोलेरोचे डीआय इंजिन आणि त्याचाच पाच गिअरांचा बॉक्स हा त्यामुळे लोकप्रिय मेळ आहे. घराणे एकच असल्याने सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. एरवी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात खेपा घालाव्या लागतात.

जोडीने बॉक्स बदलला तरी मागचे काम उरतेच. नवा बॉक्स लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून लहान करावा लागतो आणि पुन्हा समतोल करून घ्यावा लागतो. बॉक्सच्या मागच्या टोकाची रेघ आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेघ एकमेकींना समांतर राहावी लागते. इंजिन मागे वाकडे बसले, तर विशिष्ट वेगाला गाडी थरथरते आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस वारंवार जातात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या (फोर-व्हील-ड्राइव्ह) जीपमध्ये ट्रान्सफर केस हा आणखी एक घोर.

गिअरांच्या गणिताकडे तर फारच कमी लोक बघतात. जुन्या जीपच्या क्राउन-पिनियनचे गुणोत्तर 5.38 आहे, आणि 6.00-16 टायरचा घेर चालताना सुमारे 2.2 मीटर भरतो. ताशी 80 किमी.ला चाक मिनिटाला सुमारे 606 फेरे घेते. टॉप गिअरमध्ये इंजिनाला त्याच्या 5.38 पट, म्हणजे सुमारे 3,260 फेरे घ्यावे लागतात. पेट्रोल इंजिनाला हे झेपते. हळू फिरणारे डिझेल मात्र तिथे ओरडू लागते, आणि गाडीत शेजारच्याशी बोलायचे तर हातवारे करावे लागतात. पाचवा गिअर 0.8 च्या आसपासचा मिळाला, तर तेच फेरे सुमारे 2,600 वर येतात. चौपदरी महामार्गावर नव्या इंजिनापेक्षा या पाचव्या गिअरचाच लाभ जास्त जाणवतो. ब्रेकचेही तसेच. वेग वाढला आणि ड्रम जुनेच राहिले, तर केलेला खर्च उलटा अंगावर येतो. इंजिनावर हात सैल सोडणारे मालक ब्रेकच्या पैशाला घासाघीस करतात, हा या धंद्यातला सर्वांत वाईट प्रकार.

यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला चालायला जेमतेम एक तार लागते, तीही बंद करण्यासाठी. कॉमन-रेल इंजिनाचे तसे नाही. त्याला संगणक (ईसीएम), सेन्सर, इलेक्ट्रॉनिक पेडल आणि किल्ली ओळखणारी यंत्रणा असते. एक धागा तुटला की इंजिन फिरते पण पेटत नाही. असे इंजिन घ्यायचे तर दात्या गाडीचे पूर्ण वायरिंग, संगणक, किल्ली आणि पेडल एकाच गाडीतून उचलावे लागते. वायरी कापून सुटे विकलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी ते भंगार समजावे. ग्रामीण गॅरेजात जुने यांत्रिक पंपाचे इंजिन अजून मान राखून आहे ते यामुळे.

कायदा मात्र या सगळ्याकडे कडक नजरेने पाहतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रावरचा (आर.सी.वरचा) तपशील कारखान्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधनाचा प्रकार आणि घनक्षमता दोन्ही आर.सी.वर असतात, त्यामुळे हरिकेनच्या जागी डीआय बसवले की ती लगेच खोटी पडते. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी मान्य किट बसवण्याला मुभा आहे, ठरलेल्या अटींवर. निदान दहा परिवहन वाहने असणाऱ्या मालकाला राज्य शासन अधिसूचनेने त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलू देऊ शकते. पण बदलाची खबर 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, कारखान्याच्या तपशिलाबाहेर बदल नाही, ही भूमिका घट्ट केली. त्याच वर्षी अधिनियमात नव्या रूपात आलेल्या कलम 182-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीच्या हातातही अपघातानंतर हेच हत्यार असते.

डिझेल बरेच स्वस्त, हे मूळ कारणही आता पूर्वीसारखे उरलेले नाही. पेट्रोलचे दर 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, आणि दोहोंतली दरी बुजत गेली. मुंबईत पद्मिनी टॅक्सींनी डिझेल, मग न्यायालयाच्या आदेशानंतर सीएनजी, असे दोन संसार केले. ऑक्टोबर 2023 मध्ये वयोमर्यादेने शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आज इंजिन-बदल करतो तो एक तर जीपप्रेमी किंवा ज्याला नवी गाडी परवडत नाही तो. पहिल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंद मिळते, पण ती गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिन बदलले की तो मान गेला. काढलेले हरिकेन गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले असेल, तर ते भंगारवाल्याला देऊ नये. जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या काय मिळेल ते वितळवतात, आणि तसा ब्लॉक पुन्हा मिळणे कठीण.

शहागडच्या पुलाच्या कोणत्याही बाजूला जुनी जीप विकत घेणाऱ्याने रंगावर आणि टायरवर जाऊ नये. इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांक रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्यावा, आर.सी.वरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा, आणि मगच इसार द्यावा.