जोन्स कोणता?

अमेरिकेत जन्मलेला एखादा जोन्स आपल्या वेल्श पणजोबांच्या मूळ गावाचा ठाव घेऊ लागला, म्हणजे प्रथम त्याच्या हाती लागते ती अमेरिकेची खानेसुमारी. तीत १८५० पासून प्रत्येकाचे जन्मस्थान लिहिलेले असते खरे. परंतु परदेशात जन्मलेल्याच्या नावापुढे बहुधा नुसते देशाचे नाव सापडते. ‘वेल्स’ एवढाच काय तो शब्द. आणि लेखनिक बेफिकीर असला तर तोही नाही, सरसकट ‘इंग्लंड’! आपले तीर्थोपाध्याय यात्रेकरूला आडनावाबरोबर मूळ गाव विचारतात ते उगाच नव्हे. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स अशा मोजक्या आडनावांनी भरलेल्या देशात तर गावावाचून पाऊलच पुढे पडत नाही.

आडनावांच्या ह्या दुष्काळाचे कारण असे की, पूर्वी सामान्य वेल्श माणसाला आडनाव नव्हतेच. मुलाने ‘अप्’ हा शब्द घालून बापाचे नाव आपल्या नावास जोडावे, अशी रीत होती. हवेलचा मुलगा तो अप् हवेल, रीसचा तो अप् रीस. त्यांचेच पुढे पॉवेल आणि प्राइस झाले. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत विलीन झाला, न्यायकचेरीची भाषा इंग्रजी झाली, आणि वंशपरंपरेचे आडनाव वरच्या वर्गाकडून खाली झिरपत गेले; काही भागांत ते रुजायला एकोणिसावे शतक उजाडले. आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यावे. १७८९ साली ‘शाकुंतला’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणाऱ्या सर विल्यम जोन्सचे वडील, गणिती विल्यम जोन्स, हे अँगलसी बेटावरचे. त्यांच्या वडिलांचे नाव शॉन शोर, म्हणजे इंग्रजीत जॉन जॉर्ज. जॉनचा मुलगा म्हणून जोन्स! ह्या आजोबांना ‘जोन्स’ नावाखाली धुंडाळणारा जन्मभर धुंडाळीत बसेल.

चर्चच्या दप्तरांची वाटही सरळ नाही. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा टॉमस क्रॉमवेलने १५३८ साली दिली; पण वेल्समध्ये इतक्या जुन्या वह्या क्वचितच टिकल्या. पुढे लोक राजमान्य चर्च सोडून मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट इत्यादी पंथांच्या चॅपेलांत जाऊ लागले. तथापि १७५४ ते १८३७ पर्यंत कायदेशीर विवाह, क्वेकर व ज्यू वगळता, चर्चमध्येच लावावा लागे. त्यामुळे एकाच कुटुंबाचे लग्न चर्चच्या वहीत आणि मुलांचे बाप्तिस्मे चॅपेलच्या वहीत, असा विस्कळित प्रकार आढळतो. बॅप्टिस्टांत तर तान्ह्या मुलाला बाप्तिस्माच नाही! ब्रिटनच्या खानेसुमारीत १८४१ साली सर्वत्र नावे आली, पण पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली ओढलेली, आणि जन्म त्याच परगण्यातला की नाही, एवढीच चौकशी. जन्माची पॅरिश १८५१ पासून मिळते. त्यापूर्वीच जहाजावर चढलेल्याचे गाव मागे राहिलेल्या भावंडांवरून ताडावे लागते.

सरकारी कागद असा मुका होतो तेथे वेल्श भाषा बोलू लागते. हिलाच १८४७ च्या सरकारी अहवालात तीन इंग्रज आयुक्तांनी, स्वतःला ती येत नसताना, लोकांच्या उन्नतीतील अडथळा ठरविले होते. वेल्श लोक तो अपमान अद्याप विसरलेले नाहीत. परंतु परदेशी गेलेल्यांनी आपले गाव जपून ठेवले ते ह्याच भाषेत. चॅपेलचा सभासद स्थलांतर करताना मूळ मंडळीचे पत्र बरोबर नेई. न्यूयॉर्कला १८५१ साली निघालेल्या ‘अ ड्रिख’ ह्या वेल्श पत्रात मृत्युलेख येत, आणि त्यांत पुष्कळदा जन्मगाव असे. पेन्सिल्व्हेनियातील खाणकामगारांच्या थडग्यांवर पॅरिशचे, कधी शेतवाडीचेही नाव कोरलेले आढळते. हे साहित्य माझ्या मते खानेसुमारीच्या शंभर पानांहून मोलाचे आहे. अडचण एवढीच की, ते वाचू शकणारे घरात बहुधा कोणी उरलेले नसते. पण ‘गानुइड’ म्हणजे जन्मला, ‘माब’ म्हणजे मुलगा आणि ‘प्लुइव’ म्हणजे पॅरिश, एवढे तीन शब्द शिकले तरी दगडावरचे गाव वाचता येते.