धुळवडीची रात्र, साडेनऊ

(सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

२८ नोव्हेंबर २०२४. जावा कोडमधले दोष शोधणाऱ्या ‘स्पॉटबग्ज’च्या एका जोडप्रकल्पात आपोआप चालणाऱ्या चाचण्या अडतात. एक मेंटेनर तिथे स्वतःचं टोकन, म्हणजे कोडमध्ये फेरफार करण्याची किल्ली, घालून काम पुढे रेटतो. वैतागलेला कोणताही मेंटेनर हेच करेल.

६ डिसेंबर. अनोळखी खात्यावरून पुल रिक्वेस्ट येते. बाहेरच्याचा कोड प्रकल्पाच्या गुपितांसह चालू देणारी एक सोय गिटहबवर आहे. ती इथे मोकळीच राहिलेली असते. टोकन जातं. मग तीन महिने शांतता.

११ मार्च २०२५. चोरलेल्या टोकनाच्या जोरावर हल्लेखोर आपल्याच एका खात्याला स्पॉटबग्जचं सदस्य करून घेतो आणि तिथली गुपितं उपसतो. त्यांत दुसऱ्या एका मेंटेनरचं टोकन सापडतं. या व्यक्तीला ‘रिव्ह्यूडॉग’ प्रकल्पातही लिहिण्याची मुभा असते.

१२ मार्च, रात्री १२.१२. रिव्ह्यूडॉगच्या एका अ‍ॅक्शनचा ‘व्ही१’ टॅग भलत्याच कमिटकडे वळवला जातो. अ‍ॅक्शन म्हणजे चाचण्यांत जोडायचा तयार कोड, टॅग म्हणजे आवृत्तीला डकवलेली चिठ्ठी. लिहिण्याचा अधिकार असलेला कोणीही ती उचलून दुसरीकडे लावू शकतो. २.०१ ला सगळं पूर्ववत. पण तेवढ्या अवधीत ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ या दुसऱ्या प्रकल्पाच्या स्वतःच्या चाचण्या धावून गेलेल्या असतात. त्यांच्या साखळीत रिव्ह्यूडॉगची हीच अ‍ॅक्शन असते. टीजेच्या बॉटचं टोकनही गेलं.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड. त्या टोकनाच्या जोरावर पहिला नेम कॉइनबेसच्या ‘एजंटकिट’ या खुल्या लायब्ररीवर. तो फसतो, तेव्हा हल्लेखोर जाळं सगळीकडे फेकतो.

रात्री ९.३० च्या सुमारास. टीजेची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही अ‍ॅक्शन कोणत्या फायली बदलल्या एवढंच सांगते, म्हणजे तेवढ्याच चाचण्या चालवता येतात. काम किरकोळ, पण तिच्यावर विसंबलेल्या रेपॉझिटरी २३,००० हून अधिक. तिचे जवळजवळ सगळे टॅग आता एकाच विषारी कमिटवर येतात, आणि त्या कमिटवर नाव असतं रेनोव्हेट या ओळखीच्या बॉटचं. मग जिथे जिथे चाचणी सुरू होते तिथे एक पायथन स्क्रिप्ट उतरते, रनरची मेमरी चाळते आणि सापडलेली गुपितं बेस६४ मध्ये दोनदा गुंडाळून लॉगमध्ये छापते. ती बाहेर कुठे पाठवत नाही, हे खरं तर नवल. पण सार्वजनिक प्रकल्पाचा लॉग कोणालाही वाचता येतो, मग पाठवायचं कशाला? खाजगी प्रकल्पांचे लॉग बाहेरच्यांना दिसत नाहीत, म्हणून ते बहुतांशी वाचले.

स्टेपसिक्युरिटी या सुरक्षा कंपनीच्या देखरेखीला नेटवर्कवर एक अनपेक्षित पत्ता दिसतो आणि बोभाटा होतो.

१५ मार्च, संध्याकाळी ७.३०. गिटहब ती अ‍ॅक्शनच काढून घेतं. तिच्यावर विसंबलेल्या चाचण्या आता बंद पडतात.

१६ मार्च, पहाटे ३.३०. स्वच्छ केलेली रेपॉझिटरी परत येते.

एंडॉर लॅब्ज या सुरक्षा कंपनीच्या मोजणीनुसार गुपितं फुटली ती २१८ रेपॉझिटरींची, आणि त्यांतली बरीच टोकनं काम संपताच बाद होणारी होती. थोडक्यात निभावलं ते त्यामुळे. तुम्ही एखादी लायब्ररी सांभाळत असाल, तर दुसऱ्याची अ‍ॅक्शन वापरताना टॅगऐवजी ४० अक्षरी कमिट क्रमांक लिहा, आणि जुनी टोकनं आजच रद्द करा. डिसेंबरात निसटलेलं टोकन मार्चमध्येही चालत होतं.