रटोन, १८८३: घाटमाथ्यावरचे उपाहारगृह आणि त्याची ओळख

काळा झगा, त्यावर खळ घातलेले पांढरेशुभ्र अ‍ॅप्रन, आणि पांढऱ्या फितीने साधेपणाने बांधलेले केस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात रेल्वेने फिरणाऱ्या प्रवाशाला एवढे दिसले की, आपण फ्रेड हार्वीच्या उपाहारगृहात आहोत हे पाटी न वाचताही कळत असे. या ओळखीचा आरंभ न्यू मेक्सिकोतील रटोन या डोंगरी गावात झाला, आणि तोही एका मारामारीतून.

रटोनचा घाट सुमारे ७,८०० फूट उंच. बोरघाटात गाडीला जादा इंजिन जोडावे लागते, तसेच येथेही लागे. सांता फे रेल्वे या खिंडीतून १८७९च्या सुमारास पार झाली. घाटापायथ्याची गावे ही इंजिनांची गावे. तेथे गाडी थांबे, आणि प्रवाशांना जेवायला जेमतेम अर्धा तास मिळे.

त्या काळी रेल्वेमार्गावरील जेवण कुप्रसिद्ध होते. पैसे आधी घ्यायचे, ताट उशिरा आणायचे, आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच गाडीची घंटा! उरलेले अन्न पुढच्या गाडीच्या प्रवाशांसाठी. लंडनमध्ये जन्मलेल्या आणि किशोरवयात अमेरिकेत आलेल्या हार्वीने १८७६ साली टोपेका येथे पहिले उपाहारगृह उघडले, ते या अनुभवाच्या नेमके विरुद्ध. स्वच्छ मेजपोस, ताजे मांस, उत्तम कॉफी.

रटोनच्या उपाहारगृहातील वेटर कृष्णवर्णीय पुरुष होते. १८८३ साली तेथे मोठी मारामारी झाली. तिचे कारण निरनिराळ्या प्रकारे सांगितले जाते. परंतु हार्वी स्वतः आला, त्याने सगळ्यांना कामावरून काढले आणि नवा व्यवस्थापक नेमला. स्त्रियांना नेमावे ही सूचना या व्यवस्थापकाचीच, असे म्हणतात. पुढे पूर्वेकडील आणि मध्य-पश्चिमेकडील वृत्तपत्रांत जाहिराती झळकल्या: १८ ते ३० वयाच्या, सुशील, आकर्षक आणि बुद्धिमान तरुणी हव्यात. ‘हार्वी गर्ल्स’ची कथा उत्साहाने सांगितली जाते, पण ज्यांची नोकरी गेली त्या माणसांचा उल्लेख तिच्यात सहसा एका ओळीत उरकतो.

नव्या ओळखीचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. किती प्रवासी जेवणार याची तार आधीच येई. गाडी थांबली की घंटा वाजवून प्रवाशांना आत बोलावले जाई. एक मुलगी पेयाची पसंती विचारून कप विशिष्ट प्रकारे ठेवी: सरळ, उपडा, किंवा बशीला टेकवून. मागून येणारी दुसरी काहीही न विचारता अचूक चहा, कॉफी किंवा दूध ओतू लागे. प्रवासी चकित होत. गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या प्रसिद्धीपेक्षा ही छोटीशी जादू अधिक दूर पसरली असावी.

या शिस्तीचा भार मुलींवर होता. वसतिगृहात राहायचे, ठरल्या वेळी परतायचे, चेहऱ्याला रंग लावायचा नाही, कराराची मुदत संपेपर्यंत लग्न करायचे नाही. तरीही अनेकींच्या दृष्टीने ही घराबाहेरची पहिली स्वतंत्र कमाई होती: महिना साडेसतरा डॉलर, वर बक्षिसी, राहणे आणि जेवण.

गंमत अशी की, या ओळखीत रटोनचे स्वतःचे काहीच नव्हते. कान्सासच्या सपाटीवर आणि घाटाच्या पायथ्याशी अॅप्रन तेच, कॉफी तीच. अनोळखी मुलखात प्रवाशाला हाच दिलासा हवा होता.

हार्वी १९०१ साली वारला; कंपनीने त्याचे नाव मात्र सोडले नाही. एव्हाना प्रवासी डोंगर पाहण्यासाठीच येऊ लागले होते, म्हणून आता ‘स्थानिकपणा’ विकणे भाग होते. हे काम सेंट पॉलमधील कलाशिक्षिका मेरी कोल्टर हिच्याकडे आले. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर तिने १९०५ साली होपी लोकांच्या घरांसारखे ‘होपी हाउस’ उभारले. १९१४च्या ‘हर्मिट्स रेस्ट’मध्ये नव्याकोऱ्या चुलीचे दगड जुने वाटावेत म्हणून काजळीने माखले. रेल्वेच्या भोजनडब्यासाठी तिने घडवलेल्या चिनी मातीच्या भांड्यांवर प्राचीन मिम्ब्रेस कुंभारांचे प्राणी उतरले.

होपी हाउसमध्ये होपी कुटुंबे राहत, विणकाम व कुंभारकाम करत, आणि प्रवासी ते पाहत. नाम्पेयो ही त्या काळची सर्वांत नावाजलेली होपी कुंभारीण १९०५ आणि १९०७ साली तेथे राहिली. तिची छायाचित्रे कंपनीच्या प्रसिद्धीत वापरली गेली. तिच्या मडक्यांवर बहुधा तिची सही नसे. हार्वी कंपनी विक्रीच्या होपी मडक्यांना जी चिठ्ठी चिकटवी, तिच्यावर एवढेच छापलेले असे: होपी खेड्यांतून.