घोडे वाहणारी गाडी आणि गिऱ्हाइकाची दाद

इ. स. १८३६ च्या सप्टेंबर महिन्यांत इंग्लंडांतील डॉंकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीवर पैजा घेणारे लोक अगदीं निर्धास्त होते. ‘एलिस’ नांवाचा नामांकित घोडा दूर दक्षिणेस गुडवुड येथें होता. त्या काळीं शर्यतीचे घोडे मुक्काम करीत पायीं नेत, आणि तसा निघून तो वेळेवर पोहोंचणें शक्य नव्हतें. पण लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यानें (हिंदुस्थानांत सतीबंदीचा कायदा करणाऱ्या लॉर्ड विल्यम बेंटिंकचा हा पुतण्या) आंतून गाद्या लावलेली एक भक्कम गाडी बांधवून घेतली, एलिसला तींत उभें केलें, आणि दुसऱ्या घोड्यांकरवीं ती ओढवून सुमारें अडीचशें मैलांची मजल मारली. एलिसनें शर्यत जिंकली. पैजा घेणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, तें सांगण्याची जरूर नाहीं.

घोडा गाडींत घालून नेण्याची रीत पुढें रूढ झाली. आगगाडीला घोड्यांचे खास डबे आले व विसाव्या शतकांत मोटारी आल्या. बेंटिंकची गाडी नवी होती. सामान्य गिऱ्हाईक मात्र बहुधा दुसऱ्याची वापरलेली गाडी घेतें. अशा गाडीची खरी खोट रंगाखालीं नव्हे, तर पायांखालीं असते. घोड्याचें मूत्र आणि धुण्याचें पाणी आंथरलेल्या चटईखालीं मुरतें, तळाच्या लांकडी फळ्या कुजतात, आणि वरून कांहींच दिसत नाहीं. पांचशें किलो वजनाच्या जनावराचा पाय भर रस्त्यांत फळी मोडून खालीं गेला, तर जें घडतें त्याचें वर्णन न केलेलेंच बरें. अशी गाडी पदरांत पडलेल्या माणसानें दाद कोठें मागावी?

जुन्या इंग्रजी कायद्याचें उत्तर कठोर होतें: घेणाऱ्यानें सावध असावें. १६०३ च्या एका प्रसिद्ध दाव्यांत सोनारानें एक खडा विषहारी बेझोर म्हणून शंभर पौंडांस विकला. तो बेझोर नव्हता. तरीहि सोनार “हा बेझोर आहे” असें म्हणाला होता, “याची मी हमी देतों” असें म्हणाला नव्हता, एवढ्यावर वादीचा दावा टिकला नाहीं. बाजारांत डोळे उघडे ठेवणें हीच गिऱ्हाइकाची एकमेव हमी!

गाड्यांच्या बाबतींत हा करडेपणा १८४२ मध्यें फारच बोंचरा दिसला. राइट नांवाच्या इसमानें टपालगाड्या पुरविण्याचा व त्या दुरुस्त राखण्याचा करार पोस्टमास्तर-जनरलशीं केला होता. विंटरबॉटम हा त्या गाडीचा हांक्या. त्याला नेमलें होतें तिसऱ्याच माणसानें. गाडी वाटेंत मोडली, तो बैठकीवरून फेंकला गेला व जन्माचा लंगडा झाला. न्यायाधीशांनीं हळहळ व्यक्त केली, पण दावा फेटाळला; कारण राइटचा करार विंटरबॉटमशीं झालेला नव्हता. कराराबाहेरच्या माणसाला दाद नाहीं, हा त्याचा अर्थ. हा निकाल तर्काला धरून असेल, न्यायाला धरून होता असें म्हणवत नाहीं.

खरा पालट १८७७ च्या रँडॉल विरुद्ध न्यूसन या दाव्यांत आला. रँडॉलनें गाडीसाठीं मधला दांडा एका गाडी बांधणाऱ्याकडून घेतला. तो वापरांत मोडला आणि घोड्यांना इजा झाली. ज्यूरीनें सांगितलें कीं, दांडा कामाला योग्य नव्हता. पण कारागिराचा निष्काळजीपणाहि नव्हता. मग दोष कोणाचा? वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, खोट बाहेरून न दिसणारी असली तरी विक्रेता सुटत नाहीं. आणि घोड्यांची इजा ही त्या खोटीचाच स्वाभाविक परिणाम ठरल्यास तीहि भरून दिली पाहिजे. पूर्वीं गिऱ्हाइकाचे डोळे तपासले जात; आतां माल तपासला जाऊं लागला.

१८९३ च्या मालविक्रीच्या कायद्यानें हें तत्त्व लेखी केलें व हिंदुस्थानांत १९३० च्या कायद्याच्या सोळाव्या कलमांत तेंच उतरलें. मात्र त्याला अटी आहेत. विकणारा तशा मालाचा व्यापारी असावा. माल कशासाठीं हवा तें त्याला कळलेलें असावें, आणि घेणाऱ्यानें त्याच्या जाणतेपणावर विसंबलेलें असावें. जो दोष तपासणींत दिसायला हवा होता, त्याबद्दल मागाहून ओरड चालत नाहीं. म्हणून “दोन घोडे नेण्यासाठीं गाडी हवी” हें वाक्य सौद्यापूर्वींच, शक्य तर लेखी, बोललेलें बरें.

जुन्या मालाविषयीं न्यायालयांनीं मधला मार्ग धरला. १९६५ मध्यें एका जुन्या मोटारीच्या क्लचबद्दलच्या दाव्यांत लॉर्ड डेनिंग यांनीं म्हटलें कीं, वापरलेल्या गाडींत लहानसहान दुरुस्ती निघायचीच. पण १९७७ च्या दाव्यांत ब्रेक निकामी असलेली जुनी मॉरिस गाडी रस्त्यावर नेणेंच धोक्याचें ठरलें, तेव्हां विक्रेता हरला. कुरकुरणारें दार आणि कुजलेली फळी यांत हाच फरक आहे.

विक्रेता व्यापारी नसून शेजारचा गृहस्थ असेल, तर मात्र वाट अरुंद होते. मग त्यानें खोटें सांगितलें काय, किंवा शब्द दिला होता काय, हें सिद्ध करावें लागतें. १९५७ च्या एका दाव्यांत एका साध्या गृहस्थानें, कागदावर विश्वासून, १९३९ ची मोटार १९४८ ची म्हणून एका व्यापाऱ्याला दिली. न्यायालयानें त्याला जबाबदार धरलें नाहीं.

आणि शेवटीं वेळेचा प्रश्न. मॉरिसच्या त्याच दाव्यांत गिऱ्हाइकाला भरपाई मिळाली. गाडी परत करण्याचा हक्क मात्र उशिरामुळें गेला होता. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानें व्यापाऱ्याकडून माल घेणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकाला सदोष माल नाकारण्यासाठीं तीस दिवस दिले आहेत. त्यानंतर दुरुस्ती वा बदली माल आधीं मागावा लागतो. याज्ञवल्क्यस्मृतीनें ओझ्याच्या जनावराच्या पारखीला पांच दिवस दिले होते, आणि लोखंडाला एकच.