एलकॅसेट: आवाजात सरस असूनही हरलेली सोनीची मोठी कॅसेट

कॅसेट म्हटलं की पेन्सिल घालून फिरवायची ती छोटी कॅसेट आठवते. पण १९७६ मध्ये सोनीने तिची थोरली बहीण बाजारात आणली होती. तिचं नाव एलकॅसेट, म्हणजे मोठी कॅसेट. मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक) आणि टीॲक या जपानी कंपन्याही या प्रयत्नात सोबत होत्या. आवाजाच्या दर्जात ती छोट्या कॅसेटच्या पुढे होती. तरीही चारच वर्षांत तिचा खेळ आटोपला.

मोठ्या कॅसेटची गरज का वाटली?

साधी कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. लू ओटन्स यांच्या टीमने ती तयार केली होती. सुरुवातीला ती मुख्यतः बोलणं रेकॉर्ड करण्यासाठी होती. त्यामुळे संगीत ऐकताना मागे सतत ‘हिस्स’ असा आवाज यायचा आणि तार स्वर, झांजा यांची धार बोथट व्हायची.

म्हणून दर्दी मंडळी स्पूलवाले टेप रेकॉर्डर वापरत. त्यांचा आवाज उत्तम, पण व्याप मोठा. स्पूल चढवायचा, टेपचं टोक हाताने ओवायचं, दुसऱ्या स्पूलला गुंडाळायचं. स्पूलचा आवाज आणि कॅसेटची सोय एकत्र आणावी, ही एलकॅसेटमागची कल्पना होती.

आवाज चांगला का येत होता?

• रुंद टेप: साध्या कॅसेटची टेप ३.८१ मिलिमीटर रुंद असते, एलकॅसेटची ६.३ मिलिमीटर होती. स्पूलच्या टेपचीही रुंदी हीच. आवाजाचा पट्टा रुंद असला की त्याच्या तुलनेत हिस्स कमी ऐकू येते.

• दुप्पट वेग: साधी टेप सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटीमीटर धावते, ही ९.५ सेंटीमीटर धावायची. त्याच आवाजासाठी टेपवर दुप्पट जागा मिळाल्याने तार स्वर नीट उमटायचे. अर्थात टेपही दुप्पट लागायची. ४५ मिनिटांच्या एका बाजूसाठी सुमारे २५७ मीटर!

• टेप बाहेर ओढणारं यंत्र: साध्या कॅसेटमध्ये टेप सरळ ठेवण्याचं काम बरंचसं प्लॅस्टिकचं कव्हर करतं. ते किंचित वाकडं असलं तरी आवाज बिघडतो. एलकॅसेटचं यंत्र टेप कव्हरच्या बाहेर ओढून स्वतःच्या अचूक मार्गावरून फिरवायचं. व्हीसीआरमध्ये असंच होतं.

• खाचा: कव्हरवरच्या खाचांवरून टेप कोणत्या प्रकारची आहे हे यंत्राला आपोआप कळायचं.

सोनीने घरासाठी ईएल-५ आणि ईएल-७, तर बाहेर नेण्यासाठी ईएल-डी८ हे मॉडेल काढलं.

मग ती चालली का नाही?

मुख्य कारण म्हणजे तिने उशीर केला. दरम्यान छोटी कॅसेट सुधारली होती. डॉल्बीमुळे हिस्स घटली आणि क्रोमियम डायऑक्साइडच्या टेपमुळे तार स्वर सुधारले. १९७३ मध्ये नाकामिची कंपनीने तीन स्वतंत्र हेड असलेला ‘१०००’ हा डेक आणला आणि छोट्या कॅसेटमधूनही हाय-फाय आवाज निघू शकतो हे दाखवून दिलं.

दुसरं कारण, एलकॅसेटवर तयार गाणी जवळपास मिळतच नव्हती. तिसरं कारण गिऱ्हाईक. सामान्य माणसाला छोटी कॅसेट पुरेशी होती. दर्दी माणसाकडे स्पूल होताच. मधल्या वस्तूला कुणी वाली उरला नाही.

यात एक गंमतही आहे. साठच्या दशकात सोनीने आग्रह धरल्यावर फिलिप्सने छोट्या कॅसेटचा परवाना इतर कंपन्यांना फुकट दिला होता. म्हणजे जी स्पर्धक एलकॅसेटला भारी पडली, तिला जगभर पसरवण्यात सोनीचाच हात होता. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, तोही छोट्या कॅसेटचाच.

शेवट कसा झाला?

१९८० मध्ये एलकॅसेट बंद झाली आणि उरलेला माल फिनलंडमध्ये विकून टाकण्यात आला. भारतात ऐंशीच्या दशकात घरोघरी कॅसेट पोहोचल्या, तेव्हा एलकॅसेटचा विषय संपलेला होता. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही.

आज तिचं महत्त्व काय?

तयार गाणी नव्हती, म्हणजे आज हाती लागणाऱ्या एलकॅसेटवर बहुधा कुणीतरी स्वतः केलेलं रेकॉर्डिंग असतं. एखादी मैफल, रेडिओवरचा कार्यक्रम किंवा घरातल्यांचा आवाज. ते ऐकायला एलकॅसेटचंच यंत्र लागतं. नवी यंत्रं बनत नाहीत आणि जुन्यांचे रबरी पट्टे वयानुसार सैल पडतात किंवा तुटतात. म्हणून अशी कॅसेट सापडलीच तर भंगारात टाकू नका. चालू यंत्र असलेला संग्राहक गाठून ती आधी डिजिटल करून घ्या. त्या आवाजाची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल.