दीक्षाभूमीवरचे छायाचित्र

आत्मशोधाचा इतिहास लिहिताना मराठी अभ्यासक प्रथम शब्दांकडे वळतो. दलित आत्मकथने आम्ही वर्गात शिकवतो, त्यांतला 'मी' कसा घडला याची चर्चा करतो. तोच 'मी' कॅमेऱ्यासमोरही उभा राहिला, याकडे मात्र आमचे लक्ष फारसे गेले नाही. नागपुरात राहून ते जाऊ नये, ही उणीवच म्हणायची.

छायाचित्राने मनाला उभारी येते, ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात डॉ. ह्यू डायमंड स्त्री-रुग्णांची छायाचित्रे घेत. स्वतःचे चित्र पाहिल्याने काही रुग्णांना लाभ होतो, असे त्यांनी १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. हेतू सहृदय होता. पण कॅमेरा वैद्याच्या हाती होता.

आपल्याकडे तो राज्यकर्त्यांच्याही हाती होता. नागपूर ही तेव्हाच्या मध्य प्रांताची राजधानी. या प्रांतातील जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात छायाचित्रेही आहेत. चित्रातला माणूस आपल्याकडे पाहतो. पण बहुधा त्याची ओळख चित्राखालच्या जातीच्या वा व्यवसायाच्या नावातच संपते. तो व्यक्ती नसतो, नमुना असतो.

या पार्श्वभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस पाहावा. त्या दिवशी भदंत चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. पांढरी वस्त्रे नेसून आलेला तो समुदाय स्वतःला नव्याने पाहत होता. आपण कसे दिसतो हा प्रश्न बाबासाहेबांनी कधीच गौण मानला नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारे नेसणे आणि दागिने टाकून देण्यास सांगितले होते.

आज दीक्षाभूमीवर सांचीच्या धर्तीवरचा, २००१ मध्ये लोकार्पण झालेला स्तूप आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी गावोगावची कुटुंबे त्याच्यासमोर उभी राहून छायाचित्र काढून घेतात. मुले पुढे, वडीलधारी मागे, आणि मागचा घुमट चौकटीत आलाच पाहिजे हा आग्रह. याला हौस म्हणून सोडून देणे आम्हांस पटत नाही. जागा, वस्त्रे, उभे राहण्याची ढब, सारे येथे ज्याचे त्याने निवडलेले असते. चित्राखाली जात लिहिणारा कोणी नसतो.

छायाचित्राने जातीची जखम भरते, असे आमचे म्हणणे नाही. परतल्यावर गाव तेच असते, आडनाव विचारणारेही तेच असतात. पण घरातल्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, ताठ मानेने उभी असलेली आजी पाहत जे मूल वाढते, त्याच्या आत्मप्रतिमेचा आरंभ नमुन्यापासून होत नाही. पुढच्या सत्रात आत्मकथन शिकवताना हे चित्रही वर्गात आणावे, असे आम्ही ठरवले आहे.